बंदुकीच्या दारूचे वय

भंडारा जिल्ह्यात माझ्या एका मित्राचा जुना मालगुजारी वाडा आहे. माडीवर आजोबांच्या शिकारीच्या दिवसांतली एक सागवानी पेटी पडून होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि पेटीचा घरालाच विसर पडला. एका मे महिन्यात माडी झाडायला काढली तेव्हा ती उघडली. आत कागदी नळीची बारा बोअरची काडतुसे होती आणि गोणपाटाच्या पिशवीत रायफलची पंधरा-वीस काडतुसे, थ्री-नॉट-थ्रीची, लष्करी बनावटीची. कोणा साहेबाने आजोबांना दिली असणार.

मित्राच्या काकांकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि तीनशे पंधराची रायफल आहे. त्यांनी पिशवीतले एक काडतूस उचलले. पितळेच्या मानेशी हिरवा थर चढला होता आणि तिथेच पितळ तडकले होते. बोटाने जरा हलवताच गोळी सुटून हातात आली. आतून शेवयांसारख्या बारीक, लांब काड्यांचा जुडगा डोकावत होता. काका म्हणाले, "कोरडी आहे पाय. आपल्या खाली काडतुसात भरली तर काहून नाही चालणार?"

मी ते काडतूस नाकाजवळ नेले. वास आंबट होता, नाकाला झोंबणारा. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक राहिले की आपण म्हणतो, कळकले. ते काडतूस तसेच कळकले होते, तेही आतून. आम्ही ते जिथल्या तिथे ठेवले, खिडक्या उघडल्या आणि खाली उतरलो. काकांना मी तेव्हा एवढेच म्हणालो की नाही, चालणार नाही. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. जगात अनेकांनी तो विचारला आहे, काहींनी लष्कराची शिल्लक दारू विकत घेऊन त्यावर मोठा धंदाही उभारला. म्हणून त्यांना द्यायचे सविस्तर उत्तर इथे लिहितो आहे.

नागपूरकराला हा विषय परका वाटू नये. अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना शहरातच आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला बंदुकीपासून तोफेपर्यंतची दारू बनते. दक्षिणेला भद्रावतीचा चांदा कारखाना आहे आणि पश्चिमेला वर्धा जिल्ह्यात पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो. देशातल्या नागरी स्फोटक मालावर देखरेख करणाऱ्या, १८९८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. लोक त्याला 'पेसो' म्हणतात. देशात कुठेही फटाक्यांचा मोठा कारखाना निघो की खाणीचे सुरुंग-कोठार, त्याचे कागद याच खात्याकडे जातात. इतक्या जवळ असूनही बंदुकीच्या दारूबद्दल आपल्या मनात जे चित्र आहे ते दोनशे वर्षांपूर्वीचे, काळ्या दारूचे आहे. काकांच्याही मनात तेच होते.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा आणि गंधक जळतात, जळायला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. हे तिन्ही पदार्थ एकमेकांशेजारी नुसते बसलेले असतात. ठिणगी पडेपर्यंत त्यांच्यात काही घडत नाही. त्यामुळे या दारूला शत्रू एकच, तो म्हणजे ओल. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. त्या वेळची दारू कोणी घट्ट बंद रांजणात कोरडी ठेवली असती तर ती आजही पेटली असती. अमेरिकेतल्या यादवी युद्धातले तोफगोळे आजही अधूनमधून जिवंत सापडतात. २००८ मध्ये व्हर्जिनियात अशाच एका जुन्या गोळ्यावर काम करताना तो संग्राहकाच्या हातात फुटला आणि त्यात त्याचा जीव गेला. जवळपास दीडशे वर्षे गेली तरी दारू शमलेली नव्हती.

'कोरडी आहे म्हणजे चांगली आहे' हा काकांचा अनुभव काळ्या दारूपुरता खराच आहे. पण पिशवीतल्या काडतुसात काळी दारू नव्हती.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनतज्ज्ञाने निर्धूर दारू बनवली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती तिच्यावर चालणारी रायफल आली. मागोमाग १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट काढले. दोरीसारख्या काड्या म्हणून कॉर्डाइट. आम्ही पाहिल्या त्या शेवया त्याच. हिंदुस्थानात ते बनवण्यासाठी १९०४ च्या सुमारास निलगिरीत अरुवनकाडूचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, १८६९ पासून, पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना होता. धूर नाही, नळीत राख जवळजवळ नाही, ताकद काळ्या दारूच्या दुपटी-तिपटीची. जगातल्या साऱ्या सैन्यांनी काळी दारू टाकून दिली.

या नव्या दारूचा पाया कापूस आहे. विदर्भाच्या माणसाला हे ऐकून नवल वाटते, पण सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि त्यावर नत्राम्लाची प्रक्रिया झाली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. काळ्या दारूत जळणारा पदार्थ आणि प्राणवायू शेजारी-शेजारी बसतात. इथे दोघे एकाच रेणूत बांधलेले असतात. ताकद त्या बांधणीतून येते आणि दुखणेही तिथूनच सुरू होते. ही बांधणी कायमची पक्की नसते. साध्या खोलीच्या तापमानालाही, अंधारात, बंद डब्यात, एखाद-दुसरा रेणू सतत तुटत राहतो. तुटला की नत्राचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. हवेतला ओलावा मिळाला की त्यांचे आम्ल होते. ते आम्ल शेजारचे रेणू तोडते, त्यातून आणखी वायू, आणखी आम्ल. काडतुसाला हिरवी कळक आतून चढते ती या आम्लाने, आणि तो आंबट, झोंबरा वासही त्याचाच.

ही साखळी रोखण्यासाठी कारखान्यात दारू बनतानाच तिच्यात थोडे स्थिरक मिसळतात. सर्वांत प्रचलित स्थिरक म्हणजे डायफिनाइलअमाइन. बाहेर पडणारा वायू ते स्वतःत ओढून घेते आणि पुढचे नुकसान थांबवते. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असेतो लोणचे टिकते. फरक असा की बरणीत तेल कमी झालेले दिसते, दारूतले स्थिरक संपलेले डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावे लागते. म्हणून शहाणी सैन्ये दारू नुसती साठवून ठेवत नाहीत. दर घाणीचा, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या प्रत्येक लॉटचा, नमुना ठरावीक काळाने प्रयोगशाळेत जातो, त्यात स्थिरक किती उरले ते तपासतात आणि एका मर्यादेखाली गेले की तो लॉट कोठारातून हलवून नष्ट करतात.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. १२ मार्च १९०७ रोजी तुलाँ बंदराच्या गोदीत 'येना' ही फ्रेंच युद्धनौका स्वतःच्याच दारूने फुटली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात 'लिबर्ते' फुटली, तेव्हा सुमारे तीनशे. शत्रू कुठेच नव्हता. कोठारातली निर्धूर दारू जुनी झाली होती, तिच्यात बिघाड सुरू झाला होता, आणि ढिगाच्या पोटात साठलेली उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. ओल्या कापसाच्या गंजीतून धूर निघतो तो आपल्याकडे शेतकऱ्याने पाहिलेला असतो. गंज जितकी मोठी तितकी आतली ऊब आत राहते. दारूचेही तसेच. चमचाभर जुनी दारू नुसतीच बिघडेल, पण टनावारी साठलेली जुनी दारू स्वतःहून पेटू शकते.

याच पदार्थाने महाराष्ट्राचे एक वेगळेच नुकसान केले आहे आणि ते मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या चित्रपटांची फिल्म याच नायट्रोसेल्युलोजची असे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. हजारो रिळे जळाली आणि आपल्या बोलपटांच्या पहिल्या पिढीच्या मूळ प्रती त्यात गेल्या. फिल्म असो की बंदुकीची दारू, नायट्रोसेल्युलोज बनते त्या दिवसापासून त्याचे वय मोजायला सुरुवात होते.

आणि ते वय आपल्या हवामानात फार झपाट्याने वाढते. तापमान दहा अंशांनी वाढले की हे तुटणे दुप्पट-तिप्पट वेगाने होऊ लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. कौलाखालच्या किंवा पत्र्याखालच्या माडीवर दुपारी काय होत असेल याचा अंदाज ज्याने विदर्भात मे काढला आहे त्याला सांगावा लागत नाही. युरोपातल्या थंड तळघरात पन्नास वर्षे नीट टिकलेली दारू आमच्या माडीवर पन्नास वर्षे टिकली असे समजणे म्हणजे दोन वेगळ्या घड्याळांवर एकच वेळ वाचणे आहे.

समजा काकांची काडतुसे नवी असती. वास नाही, कळक नाही, स्थिरक भरपूर. मग तरी ती दारू दुसऱ्या काडतुसात चालली असती का?

तरीही माझे उत्तर नाहीच असते, आणि कारण वेगळे. चूल पेटवणाऱ्याला ते लगेच कळेल. एकाच झाडाचा ओंडका, त्याच्याच काटक्या आणि त्याचाच भुसा, तिन्ही जळतात, पण ओंडका रात्रभर जळतो आणि मूठभर भुसा हवेत उडवला तर भक्कन पेट घेतो. लाकूड तेच, बदलला तो पृष्ठभाग. बंदुकीच्या दारूचा सगळा खेळ या पृष्ठभागाचा आहे. दाणा केवढा, चपटा की गोल की नळीसारखा, त्याला आरपार भोक एक की सात, त्यावर कोणता लेप, यावर ती किती झपाट्याने जळणार हे ठरते. भोक पाडण्यामागची युक्ती तर मला नेहमीच सुंदर वाटते: नळीसारखा दाणा बाहेरून जळत लहान होतो तेव्हा आतले भोक जळत मोठे होते, त्यामुळे जळणारा एकूण पृष्ठभाग जवळपास सारखा राहतो आणि गोळीमागचा रेटा लवकर ओसरत नाही. सात भोके असली तर जळणारा पृष्ठभाग उलट वाढत जातो. तोफेला ते हवे असते.

रायफलच्या काडतुसात दारू असते लहान चमचाभर. ती एक-दीड मिलिसेकंदात जळून जाते आणि त्या क्षणभरात नळीतला दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन ते चार हजार पटींवर जातो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण दोन पट असतो. हा दाब सोसण्याच्या हिशेबाने पोलाद त्या रायफलच्या कोठीत घातलेले असते; थोडे वाढीव असते, पण अमर्याद नाही. पिस्तुलाची झपाट्याने जळणारी दारू चुकून रायफलमध्ये गेली तर कोठी फुटू शकते आणि ती असते नेमबाजाच्या गालाशी. आणि दोन्ही दारूंचे दाणे दिसायला सारखेच असू शकतात, तोच ग्राफाइटचा करडा, चकचकीत रंग. पाहून, चोळून, हुंगून त्यातला फरक कोणालाही सांगता येत नाही, कितीही जुन्या शिकाऱ्याला.

यापुढची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लष्करी दारूवर एकच नाव असले तरी प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो. कारखान्याला सैन्य सांगते की गोळीचा वेग इतका हवा आणि दाब याच्या वर जाता कामा नये. दारू किती घालायची हे सैन्य सांगत नाही. नवा लॉट आला की कारखाना चाचणीच्या नळीतून गोळ्या झाडतो, वेग आणि दाब मोजतो आणि त्या लॉटपुरते प्रमाण ठरवतो. पुढच्या लॉटला पुन्हा चाचणी, पुन्हा नवे प्रमाण. नागरी बाजारातल्या डबाबंद दारूचे तसे नसते. तिथे वेगवेगळे लॉट मिसळून ती दरवर्षी सारखीच वागेल असे पाहतात, कारण विकत घेणाऱ्याकडे चाचणीची नळी नसते. म्हणजे लष्करी दारूची खरी ओळख डब्यावरच्या नावात नसून लॉटच्या क्रमांकात आणि त्याच्या नोंदवहीत असते. वही हरवली की तो फक्त करड्या दाण्यांचा ढीग उरतो.

हे सांगितल्यावर कोणीही विचारेल, मग अमेरिकेत चालले ते कसे? दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तिथल्या सरकारकडे रायफलच्या दारूचे डोंगर शिल्लक होते. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन या गृहस्थाने आयुष्यविम्यावर कर्ज काढून ती दारू घाऊक विकत घेतली, कोठार म्हणून रेल्वेचा जुना मालडबा शेतात आणून ठेवला आणि स्वतः काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांना ती किरकोळीत विकायला सुरुवात केली. त्यातली एक, ४८९५ क्रमांकाची, अमेरिकी सैनिकाच्या रायफलसाठी बनलेली होती. दुसरी, ४८३१, वीस मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतली होती, आणि तिचा मंद जळण्याचा गुण मोठ्या शिकारी काडतुसांना नेमका मानवला. आज हॉजडन हे नाव त्या धंद्यातले फार मोठे नाव आहे.

पण हॉजडनच्या यशात काकांच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. त्याची दारू युद्धात नुकतीच बनलेली होती, काही वर्षांचीच. ती कुठल्या कारखान्याची, कशासाठी बनली, हे माहीत होते. एकेक प्रकार मोठ्या साठ्यात होता, त्यामुळे तो तपासून त्याचे प्रमाण लोकांना छापून देता आले. आणि साठा संपत आला तेव्हा त्याच गुणांची दारू स्कॉटलंडच्या कारखान्यातून नव्याने बनवून घ्यावी लागली, कारण नाव तेच ठेवून दुसरी कुठलीही दारू देता येत नव्हती. माडीवरच्या पिशवीजवळ यातले काहीही नाही.

नोंदी आणि चाचण्या हाताशी असलेल्या सैन्याचीही कशी फसगत होते, याचा दाखला व्हिएतनाम युद्धातला आहे. एम-१६ रायफलची जडणघडण काडीच्या दाण्याच्या दारूवर झाली होती. १९६४ मध्ये अमेरिकी सैन्याने तिच्यासाठी गोल दाण्याची दुसरी दारू मंजूर केली. गोळी तीच, वेगही ठरल्याप्रमाणे. पण नळीतला दाब वेगळ्या ठिकाणी चढू लागला, रायफल ठरल्यापेक्षा जलद झडू लागली, आणि दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ वायूच्या मार्गात साचू लागला. कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, जवानांना साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. ऐन चकमकीत रायफली अडकल्या आणि त्या अडकलेल्या रायफली हातात घेऊन सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी करून सैन्याच्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. सारी यंत्रणा हाताशी असताना एका दारूच्या जागी दुसरी आली तर हे घडते.

आणि गंमत अशी की ती गोल दाण्याची दारूच मुळात शिल्लक दारूतून जन्मली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत तोफांची टनावारी दारू पडून होती आणि बिघडत चालली होती. फ्रेड ओल्सन हा रसायनतज्ज्ञ ती वाचवता येते का यावर काम करत होता. ती विरघळवून, त्यातले आम्ल धुऊन काढून, पुन्हा दाणे करण्याची रीत त्याने बसवली आणि १९३३ पर्यंत तिच्यातून गोल दाण्याची नवी दारू उभी राहिली. जुन्या दारूचा पुनर्वापर करायचा असेल तर तो असा होतो: तिला पुन्हा कच्चा माल समजून, कारखान्यात, मुळापासून नवी करून.

जिथे हे होत नाही तिथे शिल्लक दारू म्हणजे ओझेच. अमेरिकेत लुइझियानातल्या कॅम्प मिंडेन येथे एका खासगी कंपनीने तोफांसाठीची जुनी दारू वेगळी काढून विकण्याचे लष्करी कंत्राट घेतले होते. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी तिथे स्फोट झाला. तपासाला गेलेल्या पोलिसांना सुमारे दीड कोटी पौंड, म्हणजे जवळपास ६,८०० टन दारू सापडली, त्यातली कितीतरी उघड्यावर खोक्यांत. शेजारचे गाव काही दिवस रिकामे करावे लागले. दारूतले स्थिरक संपत चालल्याची भीती खरी होती, आणि बंद भट्टीत ती सगळी जाळून संपेपर्यंत २०१७ उजाडले.

आपल्याला मात्र लुइझियानापर्यंत जायची गरज नाही. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या माळावर मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू होते. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात दारूगोळा कारखान्याचा एक कर्मचारी होता आणि खड्डे खणायला, पेट्या उचलायला रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. त्याआधी अडीच वर्षे, ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर, पुलगाव डेपोतच आग लागून दोन लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे मृत्युमुखी पडली होती. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटाने किमान आठ कामगारांचा जीव घेतला. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, सगळ्यांना एकच कारण चिकटवणे अन्यायाचे होईल. पण ज्यांचे रोजचे काम दारू हाताळणे हेच आहे, ज्यांना शिकवलेले आहे, ज्यांच्या इमारती एकमेकींपासून मोजून-मापून दूर बांधलेल्या आहेत, त्यांच्याही हातून हे घडते. पुलगावच्या माळावर गेलेल्या मजुरांना त्या पेट्यांत काय आहे याची पुरती कल्पना कोणी दिली होती का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. विदर्भातली माणसे देशाचा दारूगोळा बनवतात, सांभाळतात आणि तो म्हातारा झाला की पुरतात-जाळतातही. तो उचलणाऱ्याला तो काय आहे हे समजण्याचा हक्क आहे.

आता कायदा. आपल्याकडे लष्करी मापाची काडतुसे आणि नागरिकांची काडतुसे मुळातच वेगळी ठेवलेली आहेत. थ्री-नॉट-थ्री हे सैन्याचे माप, म्हणून सामान्य परवान्यावर ते निषिद्ध; नागरिकाला तीनशे पंधराची रायफल मिळते आणि तिची काडतुसे सरकारी कारखान्यांतून परवानाधारक दुकानात येतात. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसते तयार काडतूस नाही, त्याचे सुटे भागही. सुटी दारू तर १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली येते. बंदूक ठेवण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. काकांना हे ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेल्या इतर परवानाधारकांतही थोड्यांनाच ठाऊक होते.

काकांनी त्याच दुपारी पोलीस ठाण्यात फोन केला. पेटी माडीवरच राहू दिली, मुलांना वर जायला बंदी केली, माडीचा दिवाही लावू दिला नाही. ठाण्यातून लोक आले, पंचनामा झाला आणि काडतुसे गेली. काकांना कोणी रागे भरले नाही. आपल्या ताब्यातला असा माल स्वतःहून जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची वाट त्याच १९५९ च्या कायद्यात आहे.

विदर्भात जुन्या वाड्यांची अजून कमी नाही, आणि दिवाळीच्या आधी माड्या झाडायला निघतातच. तुमच्याकडे अशी एखादी पेटी, डबा, पिशवी निघाली तर काडतूस उघडू नका, गोळी ओढून पाहू नका, दारू हातावर ओतून उन्हात वाळवू नका. पितळेवर कळक असेल, आंबट वास येत असेल, डब्यात तांबूस धूळ किंवा वाफ दिसत असेल तर झाकण पुन्हा लावायलाही थांबू नका. स्वतः मोटारसायकलच्या डिकीत घालून ठाण्यात नेऊ नका. मुलांना घेऊन बाहेर या, दार लोटून घ्या आणि ११२ ला फोन करा.